एका चौकटीतली माणसे

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर बारामती येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजच्या विषयाच्या मध्यभागी एक छायाचित्र आहे. ते पाहिले नाही असा माणूस या सभागृहात क्वचितच असेल. दिल्लीच्या लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयात आरोपींच्या बाकांवर काही माणसे बसली आहेत. पुढल्या रांगेत तिघे: नथुराम विनायक गोडसे, नारायण दत्तात्रेय आपटे आणि विष्णु रामकृष्ण करकरे. त्यांच्यामागे जे बसले आहेत, त्यांत डोक्यावर काळी गोल टोपी घातलेले स्वातंत्र्यवीर सावरकर ओळखू येतात. महात्मा गांधींच्या हत्येचा हा खटला. २७ मे १९४८ रोजी तो सुरू झाला. दुसऱ्याच दिवशी सावरकरांना ६५ वर्षे पूर्ण होत होती. नथुरामला ३८ पूर्ण होऊन आठवडा झाला होता.

या छायाचित्राची चर्चा बारामतीत व्हावी याला कारण आहे. १९ मे १९१० रोजी नथुरामचा जन्म याच गावी झाला. वडील टपाल खात्यात नोकरीला होते. आधीचे मुलगे दगावले म्हणून या मुलाला नथ घालून मुलीसारखे वाढवले आणि रामचंद्राचा नथुराम झाला, ही हकिगत सर्वश्रुत आहे. प्राथमिक शिक्षण इथेच झाले. पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला गेला. जन्मगावाचा संबंध एवढाच. गावाला कोणाच्या जन्माचे पाप लागत नाही आणि पुण्यही लागत नाही. परंतु बाहेरगावी बारामतीचे नाव निघाले की कोणीतरी हा उल्लेख करतोच. कधी टोमणा म्हणून, तर अलीकडे कधी कधी अभिमान म्हणून. टोमण्याला उत्तर देणे सोपे आहे. खरी काळजी त्या अभिमानाची आहे.

३० जानेवारी आला, १५ नोव्हेंबर आला, की हे छायाचित्र भ्रमणध्वनीवर फिरू लागते. त्यातून एकट्या नथुरामचा चेहरा कापून काढलेला असतो. त्याभोवती हार रंगवलेला असतो आणि खाली ‘हुतात्मा’ असे लिहिलेले असते. पाठवणारी मुले आपल्याच घरांतली असतात. ती वाईट नसतात. त्यांनी अर्धे वाचलेले असते. म्हणून प्रश्न असा की, हे छायाचित्र पुरते कसे वाचावे?

बाक एक, निवाडे वेगवेगळे

छायाचित्राचा एक स्वभाव असतो. चौकटीत जे जे येईल ते सारे त्याला सारखेच. कोणी काय केले, किती केले, केले की नाही, हे ते सांगू शकत नाही. एका बाकावर बसलेली माणसे ते एकाच पापाची धनी करून टाकते.

प्रत्यक्षात या बाकांवरची माणसे किती निरनिराळी होती! आपटे हे विज्ञानाचे पदवीधर, नगरला शाळेत शिक्षक होते. पुढे पुण्यात नथुरामबरोबर वृत्तपत्र चालवू लागले. करकरे पोरके वाढलेले आणि स्वतःच्या कष्टाने नगरला उपाहारगृह व निवासगृह उभे केलेले. मदनलाल पाहवा हा फाळणीत पंजाबातून उखडला गेलेला निर्वासित तरुण. दिगंबर बडगे पुण्यात शस्त्रांचे दुकान चालवणारा आणि शंकर किस्तय्या हा त्याचा नोकर. गोपाळ गोडसे हे नथुरामचे धाकटे बंधू, खडकीच्या लष्करी आगारात नोकरीला. डॉ. दत्तात्रेय परचुरे ग्वाल्हेरचे. आणि सावरकर, ज्यांनी अंदमानात जन्मठेप भोगली होती.

न्यायमूर्ती आत्माचरण यांच्यासमोर खटला चालला. बडगे माफीचा साक्षीदार झाला, तेव्हा खटल्यास सामोरे जाणारे आठ जण उरले. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. नथुराम आणि आपटे यांना फाशी, करकरे, मदनलाल, गोपाळ गोडसे, किस्तय्या व परचुरे यांना जन्मठेप, सावरकर निर्दोष. माफीच्या साक्षीदाराने सावरकरांविरुद्ध जे सांगितले, त्याला स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळाला नाही. केवळ अशा साक्षीवर कोणाला दोषी धरणे न्यायाधीशांना मान्य नव्हते. पुढे सिमल्यास पूर्व पंजाब उच्च न्यायालयात अपील चालले. जून १९४९ मध्ये तिथे परचुरे आणि किस्तय्याही सुटले. नथुरामने खुनाच्या शिक्षेविरुद्ध अपील केलेच नव्हते. कट नव्हता, कृत्य आपले एकट्याचे, एवढेच त्याचे म्हणणे. ते न्यायालयाने मानले नाही. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात नथुराम आणि आपटे यांना फाशी देण्यात आली.

म्हणजे ज्यांना छायाचित्राने एकत्र बसवले, त्यांना न्यायाने एकेकटे उभे करून तपासले. कोणी फासावर गेला, कोणी तुरुंगात, कोणी घरी. आपल्याकडे याला नीरक्षीरविवेक म्हणतात. नीरा आणि भीमा यांचा संगम इंदापूर तालुक्यात नरसिंहपूरला आहे. संगमावर दोन नद्यांचे पाणी वेगळे करता येत नाही. माणसांच्या कर्माचे तसे नाही. ते वेगळे करता येते आणि करावेच लागते. धर्म आणि कायदा दोहोंची तीच आज्ञा आहे.

चौकट मोठी करणाऱ्यांचा अन्याय

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, ते महाराष्ट्राने १९४८ च्या फेब्रुवारीत पाहिले. मारेकरी चित्पावन ब्राह्मण आहे हे कळताच पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत जमावांनी ब्राह्मणांची घरे, दुकाने आणि छापखाने जाळले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. मुंबईत सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांच्यावर दगडफेक झाली; त्या जखमांतून ते पुरते उठलेच नाहीत आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये गेले. खेड्यापाड्यांतील किती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्यांची जमीन सोडून शहरांकडे गेली! व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ ही कादंबरी याच दिवसांची आहे. तसेच शेजाऱ्यांनी आपल्या घरांत आसरा देऊन माणसे वाचवली, हेही त्याच दिवसांतले सत्य आहे आणि तेही विसरता कामा नये.

ज्यांची घरे जळली त्यांचा अपराध कोणता? बाकावरच्या एका माणसाचे आडनाव आणि जात, एवढाच. छायाचित्राची चौकट जमावाने गावागावांवर पसरवली.

राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर ४ फेब्रुवारी १९४८ रोजी बंदी आली. गोळवलकर गुरुजींना त्याआधीच अटक झाली होती. हत्येचे वृत्त कळले तेव्हा गुरुजी मद्रासला होते. त्यांनी पंडित नेहरू आणि सरदार पटेल यांना शोकाच्या तारा केल्या आणि तेरा दिवस शाखा बंद ठेवण्यास सांगितले. बंदी जुलै १९४९ मध्ये उठली. हत्येच्या खटल्यात संघाला संस्था म्हणून कोणी आरोपी केले नव्हते. २७ फेब्रुवारी १९४८ रोजी सरदार पटेलांनी नेहरूंना लिहिलेल्या पत्रात संघाचा या कटात मुळीच हात नव्हता असे स्पष्ट म्हटले आहे.

हे पत्र आपल्या व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते. परंतु अर्धे पत्र वाचून उरलेले झाकणे हीदेखील छायाचित्र कापण्याचीच एक तऱ्हा आहे. त्याच पत्रात सरदारांनी हिंदुमहासभेतील, सावरकरांच्या नेतृत्वाखालील एका अतिरेकी गटाने हा कट रचला, असेही म्हटले आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात गुरुजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी संघाच्या हिंदुसेवेची प्रशंसा केली, पण संघाच्या भाषणांतील विषारीपणावर कठोर ठपका ठेवला आणि गांधीजींच्या मृत्यूनंतर काहींनी आनंद व्यक्त करून मिठाई वाटल्याचेही लिहिले. सरदारांना आपण आपले मानतो. मग त्यांचे गोड बोल घ्यायचे आणि कडू बोल टाकायचे, हे शिष्याला शोभत नाही.

तीच गोष्ट नथुरामच्या संघसंबंधाची. एके काळी आपण संघाचे काम करत होतो आणि पुढे ते सोडून हिंदुमहासभेत गेलो, असे त्याने स्वतःच न्यायालयात सांगितले. गोपाळ गोडसे यांनी १९९४ मध्ये एका मुलाखतीत याहून वेगळे सांगितले. बंधूंनी संघ सोडलाच नव्हता, असे त्यांचे म्हणणे. संघाने ते अमान्य केले. या वादाला भिण्याचे कारण नाही. शाखेत हजारो माणसे आली आणि गेली. एखाद्याने पुढे काय केले याचा दोष सर्वांवर येत नाही. मात्र तो आपल्यावर येऊ नये असे वाटत असेल, तर त्या कृत्याची आरती आपल्या घरात होता कामा नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधत नाहीत. ‘तो आमचा नव्हता’ असे सकाळी सांगायचे आणि संध्याकाळी त्याच्या चित्राला हार घालायचा, हे जगाला दिसते.

सावरकरांबाबतही पुरते वाचले पाहिजे. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले आणि सरकारने त्याविरुद्ध अपील केले नाही. १९६४ मध्ये गोपाळ गोडसे, करकरे सुटून आले. पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा आणि सत्कार झाला. त्या समारंभात ग. वि. केतकर यांनी नथुरामच्या बेताची आपल्याला आधी कल्पना होती असे बोलून दाखवले आणि देशभर खळबळ उडाली. त्यातून चौकशी आयोग नेमला गेला. न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांच्या आयोगाचा अहवाल १९६९ चा आहे. सावरकर आणि त्यांच्या गटाचा कट, याखेरीज दुसरी उपपत्ती टिकत नाही, असा शेरा त्यात आहे. सावरकर २६ फेब्रुवारी १९६६ रोजीच गेले होते. त्या शेऱ्याला उत्तर देण्याची संधी त्यांना मिळाली नाही. आयोगाचा शेरा म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. पण तो शेरा आहे, हे लपवण्याचेही कारण नाही. आणि एक गोष्ट मनाशी बांधावी: हा सारा वाद पुन्हा उकरला गेला तो विरोधकांच्या हातून नव्हे, एका सत्कार समारंभामुळे.

एका भिंतीवरच्या दोन तसबिरी

आता सर्वांत नाजूक मुद्दा. तरुण विचारतात की, चाफेकर बंधूंची तसबीर आपण लावतो, राजगुरूंची लावतो, अनंत कान्हेरेची लावतो. मग हीच का नको? तोही फासावर गेला, तोही डगमगला नाही.

नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याचा वध २१ डिसेंबर १९०९ रोजी झाला. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १९ मे रोजी, बारामतीत नथुरामचा जन्म झाला. या दोन तारखांमध्ये एका महिन्याचे अंतर आहे; दोन कृत्यांमध्ये मात्र एका युगाचे आहे. कान्हेरेच्या काळी राज्य परक्यांचे होते. या देशातील माणसाला राज्यकर्ता बदलण्याचा कोणताही मार्ग नव्हता. टिळकांसारख्या माणसाला लेखासाठी मंडालेला धाडले गेले होते. ३० जानेवारी १९४८ रोजी राज्य आपले होते. स्वातंत्र्य साडेपाच महिन्यांचे होते. घटना समितीचे काम चालू होते, वृत्तपत्रे निघत होती, सभा भरत होत्या. खुद्द नथुराम एका दैनिकाचा संपादक होता. ज्याच्या हाती लेखणी होती त्याने पिस्तूल उचलले. समोर कोण होता? प्रार्थनेला निघालेला ७८ वर्षांचा, नुकताच उपोषणातून उठलेला नि:शस्त्र वृद्ध.

राग खोटा होता असे कोणी म्हणू नये. फाळणीत लक्षावधी हिंदू आणि शीख उद्ध्वस्त झाले. १३ जानेवारीला गांधीजींनी उपोषण सुरू केले आणि १५ जानेवारीला मंत्रिमंडळाने पाकिस्तानला ५५ कोटी रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्याने अनेकांची मने जळली. गांधीजींच्या धोरणांवर टीका त्या काळी झाली, आजही होते आणि तिला पूर्ण वाव आहे. परंतु टीका हा जिवंत माणसाशी केलेला संवाद असतो. गोळी तो संवाद संपवते. त्या दिवसानंतर गांधीजींच्या चुका दाखवणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक माणसाला आधी आपण मारेकऱ्याचे सोबती नाही हे सिद्ध करावे लागले. हिंदूंच्या दुःखाची बाजू मांडणारा आवाज एका पिढीसाठी तरी क्षीण झाला. त्या तीन गोळ्यांनी हिंदुहिताची जेवढी हानी केली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने झाली असेल.

सावरकरांनी स्वतः १९५२ च्या मे महिन्यात पुण्यात अभिनव भारत ही आपली क्रांतिकारक संस्था समारंभपूर्वक विसर्जित केली. परकी सत्ता गेली, आता गुप्त आणि सशस्त्र मार्गाचे प्रयोजन उरले नाही, हा त्या सांगतेचा आशय होता. स्वराज्यात पिस्तुलाला जागा नाही हे ज्यांना सावरकरांच्या तोंडून ऐकायचे असेल, त्यांनी ती सांगता आठवावी.

मोरोपंतांच्या गावी

बारामतीला आणखी एक ओळख आहे आणि ती फार जुनी आहे. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कविवर्य मोरोपंत इथे राहिले आणि कऱ्हेच्या काठी त्यांनी सारे महाभारत आर्या वृत्तात उतरवले. त्या महाभारतात सौप्तिक पर्व आहे. अश्वत्थाम्याचा पिता कपटाने मारला गेला होता. त्याचे दुःख खरे होते, रागही खरा होता. पण त्याने रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारले. महाभारत त्याचे दुःख नाकारत नाही आणि त्याचे कृत्य क्षणभरही मान्य करत नाही. चिरंजीवांत त्याचे नाव आहे. पण ते चिरंजीवित्व भळभळत्या जखमेचे आहे. खऱ्या दुःखातूनही अधर्म घडू शकतो हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. वर्तमानाकडे पाहताना आपण तेवढे शहाणपण का गमवावे?

त्याच कथेत, भागवताच्या पाठात, ज्या द्रौपदीची पाच मुले मारली गेली ती अश्वत्थाम्याला सोडून द्या म्हणते. जे दुःख मला झाले ते त्याच्या आईला होऊ नये, असे तिचे म्हणणे. १९४९ मध्ये गांधीजींचे चिरंजीव रामदास आणि मणिलाल यांनी नथुराम व आपटे यांना फाशी देऊ नये, अशी विनंती केली होती. सरकारने ती मानली नाही आणि कायद्याचे काम कायद्याने केले. पण पित्याच्या मारेकऱ्यासाठी दया मागणारे ते पुत्र आणि ती द्रौपदी एकाच परंपरेतले आहेत. ज्या परंपरेचे नाव आपण अभिमानाने घेतो, ती हीच.

गांधीजी डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याच्या संघ शिबिरात आले होते. १६ सप्टेंबर १९४७ रोजी दिल्लीत त्यांनी स्वयंसेवकांसमोर भाषण केले. एकात्मता स्तोत्रात त्यांचे नाव आहे. सकाळी ते म्हणणारा स्वयंसेवक त्यांना रोज वंदन करतो. ग्वाल्हेरमध्ये २०१७ साली हिंदुमहासभेने नथुरामचा अर्धपुतळा बसवला आणि प्रशासनाला तो हलवावा लागला. २०१९ च्या निवडणुकीत भोपाळच्या भाजप उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांनी त्याला देशभक्त म्हटले, तेव्हा त्यांना माफी मागावी लागली आणि पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी आपण त्यांना मनापासून कधीच क्षमा करू शकणार नाही असे जाहीरपणे सांगितले. ज्याला अजून संभ्रम असेल, त्याने सकाळच्या स्तोत्रातले नाव आणि रात्री पुढे पाठवलेले चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहावे.

मग या छायाचित्राचे करायचे काय? ते फाडायचे नाही आणि लपवायचेही नाही. ते इतिहासाचा पुरावा आहे. घरातल्या मुलाने विचारले तर ते पुरे दाखवावे. एक चेहरा कापून नव्हे. पुढल्या रांगेतला प्रत्येकजण कोण, मागच्या रांगेतला प्रत्येकजण कोण, कोणाला काय शिक्षा झाली, कोण सुटले आणि का सुटले, हे नावानिशी सांगावे. चौकटीबाहेर काय होते तेही सांगावे: बिर्ला भवनातील प्रार्थनेची वाट, फेब्रुवारीत जळालेले वाडे, आणि आपल्या दारात शेजाऱ्याला उभे करून जमावाला अडवणारी माणसे.

मालोजीराजांच्या इंदापुरातून आणि मोरोपंतांच्या बारामतीतून आलेल्या कुटुंबांना यापेक्षा अधिक सांगण्याची गरज नाही. घरी गेल्यावर आपल्या भिंतींकडे एकवार पाहावे. तिथे ज्यांच्या तसबिरी आहेत, त्यांच्याविषयी मुलाने प्रश्न विचारला तर मान खाली न घालता उत्तर देता आले पाहिजे. ज्याचे उत्तर देताना अर्धे सांगावे आणि अर्धे झाकावे लागते, त्याची जागा भिंतीवर नाही. इतिहासाच्या पुस्तकात आहे.

वंदे मातरम्!